देवीचं पदक, जुनं काम

१६ नोव्हेंबर २०१७, सोनाळा

ही डायरी सुरतच्या सेठनं जानेवारीत वाटली होती. आजवर एक पान लिहिलं नाही. सुरत सुटली, मग भुसावळला अकरमच्या चहाच्या गाडीवर राहिलो, तीही सुटली. अम्मी म्हणाली, नजीर मामूकडे जा, तिथं तरी पाय टिकतात का बघ. म्हणून इथं. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण माझी शाळा मराठी होती. लिहायला बसलो की हात मराठीच लिहितो.

मामू पटवे आहेत. बायकांच्या पोती गाठून देतात, निघालेला मणी बसवतात, बारीकसारीक सोनं विकतात, जुनं घेतात. दुकान म्हणजे बसस्टँडमागं एक फळी आणि काचेची पेटी. पेटीत फुल्या, बाळ्या, मणी, डोरली. दोन-तीन ग्रॅमच्या वर एकही वस्तू नाही. मामू म्हणतात, कापूस निघाला की फळीपुढं उभं राहायला जागा नसते, ज्याच्या त्याच्या बायकोला पोतीत एक मणी वाढवून पाहिजे असतो. यंदा जागाच जागा. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. बीटी आहे, बोंडअळी लागतच नाही म्हणून पाकिटं घेतली होती लोकांनी. आता त्या वावरांत बकऱ्या चरतात.

म्हणून बायका येतात त्या विकायलाच. आज एक म्हातारी गहूमण्यांची पोत घेऊन आली. मणी वापरून वापरून गुळगुळीत झालेले, इतके छान की मी हातातून ठेवीना. मामूंनी कसोटीवर घासले, आतल्या लाखेचं वजन कापलं, पैसे दिले आणि मणी आटणीच्या डब्यात टाकले.

मी म्हटलं, "मामू, इतकी चांगली वस्तू वितळवता कायले?"

"मंग काय पापड म्हणून भाजू?"

१९ नोव्हेंबर

माझ्या डोक्यात एक आलंय. फोनवर बघितलं, पुण्या-मुंबईच्या पोरी असले जुने मणी शोधत फिरतात. एकेक मणी काळ्या दोऱ्यात ओवून 'ऑफिसला घालायला' म्हणून विकतात आणि सोन्याच्या भावाच्या दीडपट घेतात. मामूंना सांगितलं. ते दोरा पिळत होते, पायाच्या अंगठ्यात एक टोक.

"अन् घेणारीनं पैसे नाई देल्ले तं?"

"आधी पैसे, मग पार्सल. पोस्टाचा विमा करायचा."

"भाव कोण लावणार?"

मी म्हटलं मी. वजन गुणिले आजचा भाव, त्यावर घडणावळ, आणि त्यावर जुनेपणाचे. मामूंना ते जुनेपणाचे पैसे काही समजले नाहीत. त्यांच्याकडं जुन्याचे पैसे कापतात. शिवाय मी म्हटलं चार हजार लिहायचे नाहीत, तीन हजार नऊशे नव्व्याण्णव लिहायचे.

"तो एक रुपया कोणाले देऊन राह्यला बे?"

यास्मीन मामी आतून हसली. शेवटी म्हणाले, कर. पण डब्यात पडायच्या आधी मला विचारल्याशिवाय एकही वस्तू उचलायची नाही.

२८ नोव्हेंबर

सहा मणी गेले! बाळीची एक जोडी पण. फोनवर दुकानाचं एक पान उघडलंय, त्यावरच्या फोटोसाठी मी मणी कपाशीच्या सुकलेल्या बोंडावर ठेवतो. पांढरा कापूस, त्यावर सोनं. नाशिकच्या एका बाईनं लिहिलं, 'किती मातीशी नातं सांगणारं.' बोंड अळी लागून वाळलेलं होतं, पण फोटोत ते दिसत नाही.

सकाळी पोस्टात जायचं होतं. वाटेत कोणी सांगितलं की डोंगराच्या पायथ्याशी मोर उतरलेत. गेलो. मोर नव्हते. पार्सल उद्या.

२ डिसेंबर

शनिवार. मामू आटणीला खामगावला. दुपारी एक बाई आली, माझ्याच वयाची असेल, रस्त्याकडं पाठ करून बसली. मी म्हटलं, मामू नाहीत.

"माहीत हाय. म्हणूनच आली."

दयाराम पाटलाची घरवाली, रुक्मिणी. पदराखाली हात घालून तिनं एक दोरा ओढून काढला आणि दातानं तोडला. दोऱ्यात एक पत्रा, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. त्यावर उभी बाई उठवलेली, डोळे मोठे, हात खाली सोडलेले. वरचं कडं कधीतरी तुटलेलं, तिथं तांब्याचा लाल डाग देऊन जोडलेलं.

मी विचारलं, "कोणती देवी हो वहिनी?"

ती हसली, आवाज न करता. "देवीच समजा. लय जागृत हाय. वजन करा लवकर."

एक ग्रॅमच्या थोडं वर भरलं. मी दोन हजार म्हणालो. ती वर मागेल म्हणून खालून सुरुवात केली होती. तिनं मागितलंच नाही. नोटा ब्लाउजात ठेवल्या आणि म्हणाली, "हे वितळवसान ना?"

"हाव."

"तशीच ठेवू नोका. मोडाच. तिचीबी सुटका होईन."

मग तिनं पिंपळगाव राजाला जायला कुठली गाडी बरी पडेल ते विचारलं. मी म्हटलं वरवट बकालहून खामगाव, तिथून पुढं. गळ्यावरून पदर ओढून गेली.

वस्तू इतकी सुंदर आहे की डब्यात टाकवेना. नंतर टाकीन. एक फोटो तर काढू.

५ डिसेंबर

देवीच्या फोटोला साऱ्यात जास्त पसंत्या. मी खाली लिहिलं: 'देवीचं पदक, जुनं काम, एक ग्रॅम, तांब्याचा डाग म्हणजे अस्सलपणाची खूण.' ते शेवटचं मला आपोआप सुचलं. भाव चार हजार सातशे नव्व्याण्णव. पुण्याच्या सुलभाताई कोणी, त्यांनी घासाघीस न करता पैसे पाठवले. मामूंना अजून बोललो नाही. पैसे हातात देऊनच सांगीन, म्हणजे ओरडणार नाहीत.

७ डिसेंबर

पार्सल गेलं. आज मी वेळेवर उठलो.

वरवट बकालच्या स्टँडवर रुक्मिणीवहिनी दिसली. एक पिशवी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी हात केला, तिनं बघितलं नाही. माहेरी जात असेल.

११ डिसेंबर

आज थप्पड खाल्ली, बावीस वर्षांचा असून.

दुपारी वहिनीला तिच्या भावानं मोटरसायकलवर परत आणून सोडलं. स्टँडवर दयारामच्या पाया पडला, "भाऊजी, लहान हाय, समजून घ्या," म्हणाला आणि चहा पण न घेता गेला. दयारामनं तिची पिशवी स्वतः उचलली. मला वाटलं माणूस बरा आहे. त्याची आई अंबूबाई मात्र भर रस्त्यात वहिनीचा पदर बाजूला करून गळा बघत होती आणि ओरडत होती, "सुभद्रा कुठी हाय? सुभद्रा कुठी टाकली वं?"

मी मामूंना म्हटलं, ही सुभद्रा कोण?

"दयारामची पहिली. चार सालं झाली, गेली. पहिली मेली अन् दुसरी आणली तं दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. सोन्याचा पत्रा, त्याच्यावर ती. नवं लुगडं आलं तं आधी तिच्यापुढं ठेवायचं, मंग आंगावर घ्यायचं. मेलेलीनं जितीले त्रास देऊ नये म्हणून. ह्यांच्यात लय कडक असते ते. मीच उठवला होता तिचा टाक."

फोन काढला, फोटो दाखवला. मामूंनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. मग फोन खाली ठेवला आणि मारली.

"हे विकलंस? भाव लावून?"

"देवी आहे असं वाटलं."

"तिनं सांगतलं देवी?"

"देवी समजा म्हणाली. वितळव पण म्हणाली."

"मंग काऊन नाई वितळवली? आं? ती पोरगी तुले खुद म्हणाली ना?"

मी काय सांगणार, फोटो चांगला येत होता म्हणून? मामू म्हणाले, आधी तो फोटो काढून टाक. मी हो म्हणालो. मग टाक परत मागव. मी हो म्हणालो.

मी विचारलं, सुभद्रा कशानं गेली. "वावरातल्या विहिरीत. पाणी काढताना पाय घसरला म्हणत होते." मामूंनी हे दोऱ्याकडं बघत सांगितलं.

१३ डिसेंबर

रुक्मिणीवहिनी पोतीचा मणी बसवायला आली. मणी तिनं स्वतःच तोडून आणला होता, हे मलाही कळलं. ओठ सुजलेला. चुलीपाशी पडली म्हणाली. यास्मीन मामी तिला आत घेऊन गेली, हळद लावली, मग दोघी बाहेर आल्या.

"मी कापूस वेचताना पडला म्हणून सांगतलं," ती म्हणाली. "सारे वावरात शोधून राह्यले. आत्याबाई म्हणतात, पऱ्हाटीत अळी पडली ते सुभद्रा सुटली म्हणून."

मी म्हटलं, "अळी तर दिवाळीच्या आधीपासून आहे. साऱ्या तालुक्यात आहे."

"ते तुमी सांगा त्याईले." मग माझ्याकडं बघितलं. "वितळवला का?"

मी खरं सांगितलं. तिनं फळीवरचा मणी बोटानं गोल फिरवला. मग म्हणाली, "म्हंजे हाय. कुठीतरी हाय. परत येईन?"

"येईल."

"संक्रांतीचं पहिलं हळदीकुंकू सुभद्राले लागते. तवर आला पाह्यजे."

"नाही आला तर?"

"मले आता माहेरबी नाई, भाऊ." एवढंच म्हणाली. मामूंनी मणी बसवायचे पैसे घेतले नाहीत.

भाऊ म्हणाली मला. मी आणीन.

२३ डिसेंबर, अकोला

अकरम आता इथं असतो, त्यानं बोलावलं म्हणून आलो. तो चांदीच्या पैंजणांच्या घाऊक व्यापाऱ्याला ओळखतो. माझ्या पानाला चांदी जोडली तर मामूंना सोन्यावर बसून राहायला नको. दोन दिवसांसाठी आलो होतो. अकरमच्या चुलत बहिणीचं, महनूरचं लग्न निघालं, त्यात अडकलो. बिर्याणी फार छान होती.

सुलभाताईंना निरोप लिहिला होता, 'ताई, त्या पदकात थोडा दोष आहे, परत पाठवाल का, दुसरं चांगलं देतो.' त्यांचं उत्तर आलं, 'दोष असू दे हो, आम्हाला तेच आवडलंय.' खाली हात जोडलेले. आता काय लिहायचं ते सुचत नाही. उद्या फोन करतो.

३० डिसेंबर, सोनाळा

आज फोन केला. आधी झाला नाही.

सुलभाताईंचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा. म्हणाल्या, "अहो, आमच्या ओवीला सातवा महिना लागलाय. आधीचं एक गेलं तिचं. तुमचं पदक बघितलं आणि मला आतून वाटलं, ही हिला सांभाळेल. तिच्या गळ्यातच आहे ते. आता बाळंतपण होईपर्यंत मी काढू देणार नाही."

मी म्हटलं दुप्पट पैसे देतो. त्या हसल्या. "पैशांचं काय घेऊन बसलात? तुम्ही तरुण आहात, तुम्हाला श्रद्धा कळायची नाही."

मामूंना सांगितलं. ते म्हणाले, खोटं सांग. पोलिसांचं नाव घे, चोरीचा माल निघाला म्हण. सोन्याचं म्हटलं की शहरातले लोक चोरीला लय भितात. मला ते पटलं नाही. साऱ्या गोष्टी खोट्यानंच सुरू झाल्या, आता खरं सांगितलं तर बाई समजून घेईल. बाईच आहे ती.

१ जानेवारी २०१८

डायरीतलं साल संपलं. पण सुरुवातीची पानं सारी कोरीच आहेत, सेठनं जानेवारीत दिली आणि मी नोव्हेंबरात सुरू केली. म्हणून मागं येऊन जानेवारीच्या पानावर लिहितो. वार जुळत नाहीत.

खरं सांगितलं. सारं. टाक काय असतो, सुभद्रा कोण, रुक्मिणीवहिनीचं काय होईल. सुलभाताई मधे एकदाही बोलल्या नाहीत. मला वाटलं ऐकतायत.

मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या गरोदर मुलीच्या गळ्यात तुम्ही मेलेली बाई बांधलीत?"

"ताई, तसं नाही..."

"विहिरीत मेलेली?"

फोन बंद झाला.

३ जानेवारी

दहा वेळा लावला असेल. शेवटी कोणी पुरुषानं उचलला. रमाकांत, त्यांचे मिस्टर. आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता.

"ते आम्ही नदीत सोडलं. गुरुजींना विचारून सोडलं. ओवी दोन रात्री झोपलेली नाही, तिला दवाखान्यात दाखवायला नेतोय. पैसे नकोत. कृपा करून पुन्हा फोन करू नका."

मी म्हटलं नदीत नक्की कुठं? त्यांनी फोन ठेवला.

मामू बरोबर होते. खोटं सांगितलं असतं तर आला असता. मग त्या ओवीचं पण काही बिघडलं नसतं. मी खरं बोललो आणि दोन्ही घरं... जाऊ दे. त्यांनी पानावर वाईट काही लिहिलं नाही, नाहीतर धंदाच बसला असता.

९ जानेवारी

मामूंनी नवा टाक उठवायचं ठरवलं. पैसे घेणार नाहीत. पितळेचा ठसा त्यांच्याकडं त्यांच्या अब्बांपासूनचा आहे. त्यात बाईचा आकार उलटा खोदलेला. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठेवायचा, वर शिसं धरायचं आणि हातोडी मारायची. जोर जास्त झाला तर पत्रा फाटतो, कमी झाला तर नाक उठत नाही. मला दोन वेळा तांब्याच्या पत्र्यावर करायला लावलं, मग सोन्यावर. तिसरा मी मारलेला बरा आला. मामू म्हणाले, हाच ठेव.

मी विचारलं, "मामू, सुभद्रा अशी दिसायची?"

"ठसा एकच हाय. साऱ्या अशाच दिसतात."

कडं तोडून तांब्याचा डाग दिला. मग चुलीच्या धुरावर धरला, चिंचेच्या पाण्यात ठेवला, राखेनं घासला, परत धुरावर. पाठीवर ओरखडे ओढले. चार सालं गळ्यात राहिलेलं सोनं एका दिवसात करायचं म्हणजे काम आहे.

१२ जानेवारी

मामी भाजीच्या निमित्तानं गेली आणि टाक देऊन आली. वहिनीनं तो तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "ही ती नव्हं." मग बांधून घेतला. कापसाच्या ढिगात सापडला म्हणून सांगणार आहे.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. मामी म्हणते अंबूबाईनं टाकाला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ ठेवला, रडली. काही ओळखलं नाही. मामूंनी आज खूप दिवसांनी माझ्यासाठी खारीक आणली.

मी इतका हलका झालोय की काय सांगू. संध्याकाळी पार वान नदीपर्यंत चालत गेलो. नवी कल्पना: नाकातल्या चमक्या. वजन अगदी कमी, पोस्टाचा खर्च कमी, आणि हजारच्या आत भाव लावता येतो. हजारच्या आत म्हटलं की पोरी नवऱ्याला विचारत नाहीत.

२२ जानेवारी

आज गावात माझं नाव झालं.

गुलाबरावांच्या कृषी केंद्रावर सारे बसले होते, बोंडअळीच्या पंचनाम्याच्या यादीत कोणाचं नाव आलं ते बघायला. यादी आली नव्हती. गुलाबरावांनी मला बघून हाक मारली, "ये बे सोन्याच्या शेठ! अख्ख्या तालुक्याचा कापूस बसला, तुहं दुकान चाललं." आणि आपल्या फोनवर माझं पान काढून साऱ्यांना दाखवायला लागले. हे बघा मणी, ह्या बाळ्या, पुण्याले जाते, मुंबईले जाते. लोक फोन एकमेकांच्या हातात देत होते. कोणी म्हणालं, आमच्या म्हातारीची पोत बी लाव बा याच्यात.

दयाराम कोपऱ्यात खताच्या पोत्यावर बसला होता. फोन त्याच्याकडं गेला. तो बोटानं एकेक फोटो वर ढकलत होता. एका ठिकाणी थांबला. साऱ्यात जास्त पसंत्या असलेला फोटो मी पानाच्या वरच ठेवलाय, येणारा आधी तोच बघतो.

"हे कवाचं?" त्यानं विचारलं. शांतपणे.

"डिसेंबरचं," मी म्हणालो. "पुण्याला गेलं."

फोन गुलाबरावांना परत दिला, चप्पल घातली आणि यादीची वाट न बघता गेला.

मी तिथं अजून चहा घेतला. घरी येताना पिंपळापाशी पोहोचलो तेव्हा कळलं त्यानं काय बघितलं. तांब्याचा डाग. त्या फोटोखाली लिहिलेलं 'विकले गेले'. मामूंनी काढून टाक म्हटलं होतं. मी हो म्हणालो होतो. पण त्या एका फोटोवरून रोज नवीन लोक येत होते.

आता काढून टाकलाय.

२३ जानेवारी

सकाळी दयारामच्या घराकडं गेलो. दार लावलेलं. अंबूबाई ओसरीवर तूर निवडत होती. मी म्हटलं, वहिनीची पोत गाठायची राहिली होती. "ते वावरात गेली," म्हणाली. "तुह्याकडचं काम संपलं आता."

वावरात जावं असं वाटलं. मग वाटलं, नवऱ्या-बायकोच्या मधे मी, तोही मुसलमान, गेलो तर वेगळंच काही होऊन बसेल. मामूंना विचारायला दुकानात आलो. तिथं चमकीच्या दोन ऑर्डरी आल्या होत्या, त्या बांधल्या.

२४ जानेवारी

रुक्मिणीवहिनी गेली. वावरातल्या विहिरीत. पाणी काढताना पाय घसरला.

२५ जानेवारी

त्या विहिरीला कठडा नाही. मी मामूंना म्हटलं, ग्रामपंचायतीला अर्ज द्यायला पाहिजे, दोन बायका गेल्या. मामू माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "इतका शिकला तू. दहावी ना?"

पोलीस आले होते. भाऊ पिंपळगाव राजाहून आला, कागदावर सही केली. यंदाच्या नापिकीनं घरात ताण होता, ध्यान नव्हतं, असं सारे सांगत होते. मामी ठाण्यात जाऊन ओठाचं सांगते म्हणाली. मामूंनी तिला दारात अडवलं. "आपल्याले इथंच राह्यचं हाय." मामीनं कालपासून मामूंना जेवायला वाढलं नाही. ते हातानं घेतात.

मला कोणी काही विचारलं नाही. मी सांगायचं ठरवलं असतं तर काय सांगितलं असतं? की मी दयारामला तारीख सांगितली?

६ फेब्रुवारी

काही नाही. ऑर्डरी येतात. मी उत्तरं देत नाही.

सुरतला जावं का?

२१ फेब्रुवारी

पिशवी भरली होती. उद्याच्या गाडीनं निघणार होतो.

दुपारी दयाराम आला. दाढी वाढलेली, नवी टोपी. फळीवर बसला. मामूंनी सलाम घेतला नाही, दोरा पिळत राहिले.

"नजीरभाई, टाक पाह्यजे. वैशाखात लग्नाचं काम धरलं. आई म्हातारी झाली, घरात कोणी तं पाह्यजे. पोरगी जामोदकडची हाय. गरीब हाय, पण ऐकणारी हाय."

मामूंनी दोऱ्याला अजून एक पीळ दिला.

दयारामनं रुमालाची गाठ सोडली. आत टाक होता, मी मारलेला. पाण्यानं वरचा धूर निघून गेला होता. नव्यासारखा चमकत होता. नाक चांगलं उठलं होतं.

"हे मोडा अन् ह्याच सोन्यात दोघी बसवा. एकाच पत्र्यावर, शेजारी शेजारी. अलग अलग केले तं पोरीच्या गळ्याले जड होते. खर्चबी वाढते."

"पत्रा पातळ होईन," मामू म्हणाले. तेवढंच.

"होऊ द्या. घालाचंच तं हाय." मग माझ्याकडं वळला. "किती लागीन बे? तुह्या मोबाइलात तिचा किती भाव लावला होता?"

माझ्या तोंडातून निघून गेलं. "चार हजार सातशे नव्व्याण्णव."

त्यानं जरा विचार केला. "जास्त लावला." आणि मजुरीचे पैसे फळीवर ठेवले. "परवा नेतो."

तो गेल्यावर मामू उठले, आत गेले, नमाजाची चटई अंथरली. वेळ झाली नव्हती. मी हाक मारली. आले नाहीत. मामी दारात उभी होती, तीही आत गेली.

नाही म्हणायला पाहिजे होतं हे मला आता लिहिताना कळतं. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की मामूंनी नाही म्हटलं नाही, पैसे फळीवर आहेत, आणि त्या पोरीच्या गळ्यात काहीच नसलं तर अंबूबाई तिला पहिल्या दिवसापासून काय म्हणेल. वैशाखाला वेळ आहे. जामोद काही लांब नाही, जाऊन सांगता येईल. उद्या त्या बाजूची गाडी विचारतो.

टाक वितळवला. ती म्हणाली होती तसा. पत्रा ठोकून लांब केला, कागदासारखा झाला. ठसा एकाच बाईचा आहे. मी पत्रा सरकवून दोनदा मारला.